केस न गळणारं कुत्रं

माझा हात गाईच्या पोटात कोपराच्या वर गेला होता, आणि भोये सरांनी नेमका तेव्हाच मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"मॅडम, हे बघा. हे कसं आहे?"

गाय वांगणीकडून टेम्पोत घालून आणली होती. व्यायला दोन दिवस झाले होते आणि वार आत अडकली होती. वार म्हणजे वासरामागून पडायला हवी ती पिशवी. ती आत राहिली तर सडते, गाईला ताप चढतो. हाताने सोडवायची म्हणजे शर्टाची बटणं काढावीत तशी एकेक गाठ मोकळी करत बसायचं. घाई केली की रक्त येतं. वर पत्रा तापलेला, मान अवघडलेली, आणि समोर मोबाईलवर कुरळ्या केसांचं एक तपकिरी पिल्लू.

मी म्हटलं, "सर, कुत्रं आहे."

"तेवढं मलाही कळतं, मॅडम. पूडल मिक्स आहे. केस गळत नाहीत. आमच्या सानिकाला चालेल का, तेवढं सांगा."

मी सरांना बाहेर बसायला सांगितलं. वार निघाली, गाय टेम्पोत चढली, मी हात धुतले. सर बाहेर बसूनच होते.

मी जव्हारच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. मोखाड्याची जागा रिकामी असल्यामुळे तिथलाही अतिरिक्त कार्यभार माझ्याकडेच आहे. अतिरिक्त म्हणजे काम दोघांचं आणि पाठ एकीची. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली आहेत. गाई, बैल, शेळ्या, लसीकरण, कानाला बिल्ले मारणं आणि त्या बिल्ल्यांची ऑनलाइन एन्ट्री करणं, यात दिवस जातो. कुत्री पूर्वी फक्त खरूज झाली तर यायची. आता शहरातले शिक्षक, क्लार्क, दुकानदार हौसेची कुत्री पाळायला लागले आहेत. आणायच्या आधी विचारायला येणारे मात्र भोये सर पहिलेच. त्यामुळे चिडताही येईना.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मूळ घर जामसरचं, शेतकऱ्याचं. त्यांच्या मिसेस, वैशाली, पंचायत समितीत आवक-जावक सांभाळतात. माझ्या दवाखान्याचा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जातो. एकुलती एक मुलगी सानिका, दहा वर्षांची, आणि तिला तिसऱ्या वर्षापासून दमा. शाळेत जायची, पण मैदानावर नाही. पावसाळाभर खिडकीत. मैत्रिणी आल्या तर आल्या, नाहीतर नाही. तीन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती, कुत्रा. नाशिकच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की करून बघा, त्रास वाढला तर लांब ठेवा. वैशालीनेही अट घातली होती की पोरीचा श्वासाचा पंप एकदा जरी वाढवावा लागला, तर कुत्रं त्याच आठवड्यात जाईल.

सरांनी इंटरनेटवर बरंच वाचलं होतं. हायपोअ‍ॅलर्जेनिक हा शब्द ते अडखळत का होईना पण पूर्ण म्हणत होते. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. लोकांना वाटतं की केसांमुळे त्रास होतो. त्रास होतो तो कुत्र्याच्या लाळेमुळे आणि कातडीच्या कोंड्यामुळे, आणि ही दोन्ही प्रत्येक कुत्र्याला असतात. पूडलचे केस गळून घरभर उडत नाहीत, म्हणून कोंडाही थोडा कमी पसरतो, इतकंच. त्यात मिक्स म्हणजे आई किंवा बाप दुसऱ्या जातीचा. पिल्लू कोणावर जाईल ते पिल्लालाही माहीत नसतं. तेव्हा जात बघू नका, तेच पिल्लू आणि तीच मुलगी एकत्र बसवून बघा.

"बैल घेताना जुंपून बघता ना, तसं," मी म्हटलं.

हे सरांना पटलं. एकदम चेहरा खुलला. मला वाटलं, सुटले. पण पिल्लं नाशिकला होती आणि माझं घरही नाशिकला. शनिवारी मी घरी जाते, हे अख्ख्या जव्हारला माहीत आहे. पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी एका अनोळखी बाईंच्या हॉलमध्ये बसले होते. हातात चहा, पायाशी चार पिल्लं.

सरांबरोबर वैशाली होती, सानिका होती, आणि सरांचे वडीलही होते. सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांच्या घरात बाबांनी पाहिल्याशिवाय जनावर येत नाही, बैल असो की कोंबडी. बाबा सोफ्यावर बसले नाहीत, खाली फरशीवर बसले. आधी पिल्लांची आई दाखवा म्हणाले. तिला हात लावून पाहिला. मग एकेक पिल्लू उचललं, तोंड उघडून पाहिलं, खाली सोडलं आणि मागून चाल बघितली. पिल्लांच्या मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. पण मीही तेच करणार होते. या जातीत गुडघ्याची वाटी सरकायचा दोष असतो, तो मागून चालताना दिसतो. दोन पिल्लं मी मनातून बाद केली. बाबांनीही तीच बाद केली. उरलेल्यांतली एक तपकिरी मादी त्यांनी उचलून सानिकाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ही."

मलाही तीच आवडली होती. खरं सांगते, बऱ्याच दिवसांनी मला कामात बरं वाटलं.

सानिका दोन तास पिल्लाशी खेळली. काही झालं नाही. मी मालकीणबाईंना एक जुना टॉवेल पिल्लाखाली आठ दिवस घालायला सांगितला. पुढच्या रविवारी तो टॉवेल जव्हारला आला आणि सानिकाच्या उशीवर आठ दिवस राहिला. तरी काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी पिल्लू आलं. सानिकाने त्याचं नाव ठेवलं नागली. आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. भाजलेल्या नागलीचा जो रंग, तोच तिचा.

इतकी शिस्तीत केलेली खरेदी मी माझ्या नोकरीत बैलाचीही पाहिलेली नाही.

बाबा त्या वर्षी मेपासून जव्हारलाच होते. गुडघा धरला होता. डॉक्टरांनी चिखलात उभं राहायला मनाई केली होती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत गावात राहून नुसतं बघत बसणं त्यांना जमलं नसतं, म्हणून सरांनी त्यांना आणलं. शेत धाकट्या मुलाकडे गेलं. जन्मभर पहाटे उठून गोठ्यात जाणारा माणूस, इथे स्लॅबच्या घरात टीव्हीकडे पाठ करून बसायचा. नागली आली आणि त्यांना काम मिळालं. सगळे कामावर-शाळेत गेले की दिवसभर ती दोघंच. खाणं, फिरवणं, पुसणं सगळं बाबा. अशा केसांचा पावसात गुंता होतो, रोज विंचरावं लागतं, नाहीतर खाली कातडी सडते, हे मी सांगितलं होतं. बाबांनी स्वतःची फणी तिला देऊन टाकली. पुढचा महिनाभर मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. मला मोखाड्याच्या शेळ्या होत्या.

जुलै संपताना वैशाली एकटीच दवाखान्यात आली. रेनकोट निथळत होता. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. आवक-जावक सांभाळणारी बाई ती. पोरीच्या दम्याचंही रजिस्टर ठेवलेलं होतं. तारीख, वेळ, पंप किती वेळा, कशामुळे. गेल्या तीन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक संध्याकाळ भरलेली होती. 'कशामुळे' या रकान्यात दरवेळी एकच शब्द, कुत्रा.

पावसाळ्यात तिला दरवर्षी थोडा त्रास असतोच, मी म्हटलं. भिंती ओल्या असतात, बुरशी असते.

"मागच्या वर्षीची वही पण आणलीय, मॅडम," ती म्हणाली. तिने ती उघडून दाखवली. निम्म्यानेही नव्हता.

 वैशाली खुर्चीच्या कडेला बसली होती. तिचा आवाज अगदी ऑफिसातला होता, पण डोळे नव्हते.

"तुम्ही फक्त लिहून द्या. कुत्रं घरात ठेवणं योग्य नाही, असं. सही-शिक्क्यानिशी. म्हणजे पोरीला ते मॅडमनी सांगितलं असं होईल. मी सांगितलं तर ती मला आयुष्यभर लक्षात ठेवेल."

आमच्या खात्यात लिहून देणं हे सगळ्यात सोपं काम आहे. त्या दिवशी माझं अंग मोडून आलं होतं, बाहेर तीन शेळ्या आणि एक म्हैस थांबली होती. तरीही मी लगेच लिहून दिलं नाही. आजाराचं कारण कळत नसेल तर आम्ही जनावर वेगळं काढून बघतो, तसं करू म्हटलं. नागलीला दहा दिवस माझ्या क्वार्टरवर ठेवायचं. क्वार्टर दवाखान्याच्या मागेच आहे. दहा दिवसांत रजिस्टर रिकामं राहिलं, तर लिहून देईन.

सर संध्याकाळी नागलीला घेऊन आले. बरोबर बाबाही आले. ती भात किती खाते, कशावर झोपते, सगळं बाबांनी माझा परिचर लक्ष्मण याला दोनदा सांगितलं. लक्ष्मण माझ्याच वयाचा, दाभोशाचा. तीस वर्षं दवाखान्यात आहे. त्याने ऐकून घेतलं.

पावसाने केसांचा जाड थर झाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मशीनने ते उतरवायला घेतले. ऑपरेशनच्या जागेचे केस काढायचं मशीन, तेच वापरलं. मग लक्ष्मणने तिला अंघोळ घातली. पाणी काळपट निघालं. लक्ष्मणने हात नाकाशी नेला.

"मॅडम, हिला गोठ्याचा वास येतोय."

पावसाळ्यात अख्ख्या जव्हारला गोठ्याचा वास येतो, असं मी म्हटलं आणि मशीन पुसायला घेतलं. दमलेल्या माणसाला सगळ्याची उत्तरं पटकन सुचतात. ती बरोबर असतातच असं नाही.

दहा दिवस गेले. वैशालीचा रोज एक मेसेज यायचा, 'आज निरंक.' निरंक म्हणजे काही नाही, हा शब्द फक्त सरकारी कार्यालयात जगतो. दहा निरंक जमले. मुद्दा स्पष्ट होता. कुत्रं घरात, त्रास आहे. कुत्रं बाहेर, त्रास नाही. जनावरांच्या बाबतीत याहून कमी पुराव्यावर मी कळप हलवले आहेत. नाशिकच्या बाई नागलीला परत घ्यायला तयार होत्या. अकराव्या दिवशी, गुरुवारी, मी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. शनिवारी मीच तिला सोडणार होते.

त्या दिवसांत दुपारनंतर मी रोज मोखाड्याला कॅम्पला जात होते; त्या दिवशीचा कॅम्प पावसामुळे रद्द झाला आणि मी अर्ध्या वाटेतून परत आले. साडेपाचला क्वार्टरवर पोचले. व्हरांड्यात शाळेचं दप्तर पडलेलं होतं. सानिका फरशीवर बसली होती, नागली तिच्या कुशीत, आणि पोरीचं अख्खं तोंड नागलीच्या मानेत खुपसलेलं. लक्ष्मण शेजारी स्टुलावर नुसताच बसला होता, हातात विडीही नव्हती.

माझा पारा चढला. पोरीसमोर बोलायला नको म्हणून मी लक्ष्मणला बाजूला घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं. दम्याची पोर, तिला कुत्र्यापासून दूर ठेवायचं म्हणून हा सगळा उपद्व्याप, आणि तू तिला आत घेतोस. उद्या काही झालं तर तिच्या आईला तू तोंड दाखवणार का मी?

लक्ष्मणने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ती आज नाय आली. रोज येते. शाळा सुटली का अठं, अर्धा तास. दहा दिस झालं. तिला काय होत नाय."

 मी स्टुलावर बसले.

दहा दिवस ती पोर रोज अर्धा तास कुत्र्याच्या अंगात नाक घालून बसत होती. आणि त्याच दहा दिवसांचे दहा निरंक माझ्या मोबाईलमध्ये होते. म्हणजे कुत्र्यामुळे काही होत नव्हतं. कुत्रं घरात असताना जे होत होतं, ते दुसरंच काहीतरी होतं आणि कुत्रं घरातून गेल्याबरोबर ते थांबलं होतं.

वैशालीचं रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं. मी ते पुन्हा उघडलं. या वेळी 'कशामुळे' हा रकाना झाकून वाचला. रविवार रिकामा. सगळेच रविवार रिकामे. एक मंगळवारही रिकामा होता, त्या दिवशी पावसामुळे शाळा आणि ऑफिस दोन्ही बंद होतं. घरात सगळे असले की पोर बरी. दिवसा सगळे बाहेर असले की संध्याकाळी तिची छाती वाजते. दिवसा घरात दोघंच.

मी लक्ष्मणला विचारलं, पहिल्या दिवशी वास कसला म्हणालास?

"गोठ्याचा. धुरीचा."

आमच्या भागात पावसाळ्यात गोठ्यात धुरी देतात. लोखंडी घमेल्यात शेणी पेटवायची, तिच्यावर कडुलिंबाचा आणि निरगुडीचा ओला पाला टाकायचा. दाट धूर होतो. माश्या, डास, गोचीड पळतात. जनावर शांत उभं राहतं. हाच धूर या कुरळ्या केसांत बसला तर तिथेच मुरतो. दिवसभराचा धूर अंगावर घेऊन नागली संध्याकाळी सानिकाच्या मांडीवर यायची. माझा विषय माणसांचा नाही, म्हणून मी नाशिकच्या त्या मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दमा असलेल्या मुलाला धूर म्हणजे काय, ते त्यांनी मला जरा सुनावूनच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी तीनला मी भोये सरांच्या घरी गेले. घरी बाबा एकटेच होते. मागच्या पडवीत बसले होते. कोपऱ्यात घमेलं पालथं घातलेलं, त्याच्याशेजारी निरगुडीच्या पाल्याची जुडी सावलीत ठेवलेली. नागली परत येईल म्हणून ती तयारी होती.

त्यांनी आधी ती जेवते का विचारलं. मग केस कापले ते बरं केलं म्हणाले. मी हो म्हटलं. विचारणं माझ्या जिवावर आलं होतं.

"बाबा, नागलीला धुरी देत होता का?"

"रोज," बाबा म्हणाले. आवाजात मोठा अभिमान होता. "दुपारीच देतो. घरात माणसं असली का नाय, त्यांना खोकला येईल म्हणून. पावसात अंग सुकत नाय तिचं, केस कवढे. एक गोचीड नाय लागू दिली मी. तुम्हीच सांगलेलं ना बाय, आमचे जामसरला, कॅम्प होता तवा. पावसाळ्यात जनावराला रोज धुरी द्या."

मी सांगितलं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी जामसरला गोचीड फार झाली होती. मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून सांगितलं होतं की रोज धुरी द्या, नागा करू नका. गोठ्यात, असं मी म्हटलं होतं की नाही, ते मला आता आठवत नाही. जनावर गोठ्यातच असणार, हे मी गृहीत धरलं असणार. जनावर स्लॅबच्या घरात सोफ्याशेजारी झोपेल आणि ते दम्याच्या पोरीचं असेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. बाबांनी मात्र अक्षर न अक्षर पाळलं होतं. एवढ्या कॅम्पांत माझं इतकं ऐकणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मी त्यांना हळूहळू सांगितलं. कुत्र्यामुळे नाही, धुरामुळे. सोपं करून सांगितलं, दोनदा सांगितलं. बाबा जुडीकडे बघत होते.

"म्हंजे पोरीला माझ्यामुळं."

"तुमच्यामुळे नाही, बाबा. माझ्यामुळे. मी सांगितलं ते अर्धवट सांगितलं."

त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मी बराच वेळ बसले.  गाय मेली तर मालकाला कसं सांगायचं, ते मला येतं. हे येत नव्हतं. निघताना त्यांनी विचारलं, कुत्री पाठवून देणार का नाशिकला. मी म्हटलं, नाही, रविवारी घरी येईल. "बरं झालं," ते म्हणाले. हे मात्र मनापासून म्हणाले.

लेटरहेडवरच्या चार ओळी मी फाडून टाकल्या. सरांना आणि वैशालीला सगळं सांगितलं.  वैशाली आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली की बाबांना यातलं एक अक्षर बोलायचं नाही. चांगली बाई आहे. पण बाबांना बोलायची गरजच नव्हती. शनिवारी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि जामसरची जीप पकडली. भाताला राखण हवी म्हणाले. भात अजून पोटऱ्यातही आलं नव्हतं, दाणा धरायला वेळ होता, हे शेतकऱ्याच्या घरातल्या सरांना कळत होतं. स्टँडवर सरांनी थांबा म्हणून पाहिलं. बाबांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. ती सरांनी मला नंतर सांगितली. "जुनी सवय हाय. मी हाय तवर हात तठंच जाणार."

रविवारी नागली घरी आली. सानिकाने आधी तिला कवटाळलं आणि मग आजोबा कुठे आहेत विचारलं. वैशालीने खरं सांगितलं नाही. पोर दहा वर्षांची आहे, मूर्ख नाही.

सप्टेंबर पूर्ण निरंक गेला.

ऑक्टोबरात लाळ-खुरकताच्या लसीकरणासाठी मी आणि लक्ष्मण जामसरला गेलो. शेवटचं घर बाबांचं होतं. गोठ्यात शिरले आणि धक्का बसला. त्यांच्या घरची जनावरं दरवर्षी गावात सगळ्यात स्वच्छ. या वेळी बैलाच्या कासऱ्याखाली, कानात, जांघेत गोचिडांचे घोस लोंबत होते. अंगावर माश्या. बैलाने चारा सोडलेला, अंग तापलेलं. गोचीड ताप सुरू झाला होता. गोचीड रक्त पिते, तिच्यातून तो येतो.

मी बाबांना विचारलं, धुरी बंद केलीत का?

"केली."

मी कपाळाला हात लावला. इथे गोठा आहे, बाबा, इथे द्यायचीच आहे. मी घरात नको म्हटलं होतं. गोठ्यात नको असं नाही म्हटलं. हे सगळं मी जरा मोठ्याने बोलले, कारण आता मला स्वतःचाच वैताग आला होता. पुन्हा मी अर्धं सांगितलं आणि पुन्हा या माणसाने ते पूर्ण पाळलं, असं मला वाटलं.

तसं नव्हतं. बाबांनी मला गोठ्याच्या भिंतीला हात लावायला लावला. कुडाची भिंत, पलीकडे घर. गोठा आणि घर एकाच छपराखाली.

"धूर कुडात मुरतो, बाय. आज बंद केला का उद्या जात नाय. दोन महिने लागतात. दिवाळीत पोरीला बोलवायचं हाय. ती कवा अठं राहायलाच नाय आली. एक रात नाय. घरात वासच नसला तर राहील ना?"

 लक्ष्मण लगेच बाहेर गेला आणि गाडीतून औषधाची पेटी घेऊन आला, कोणी सांगितलं नसताना. बैलाला इंजेक्शन दिलं. गोचिडांवर पाण्यातून फवारायचं औषध असतं, त्याला धूर लागत नाही. ते मी स्वतः मिसळून दिलं, किती, कधी, कुठे आणि कुठे नाही, हे बाबांच्या धाकट्या मुलाला कागदावर लिहून दिलं. मग तो कागद त्याच्याकडून वाचून घेतला. त्या आठवड्यात मी जामसरला आणखी दोन फेऱ्या मारल्या. बैल वाचला. थोडा रोडावला.

दिवाळीत सानिका नागलीला घेऊन जामसरला गेली. चार दिवस राहिली. चूल बाबांनी अंगणापलीकडे मांडली होती. पंप पिशवीतच राहिला. वैशालीने रजिस्टर नेलंच होतं. बाबा परत जव्हारला येतील असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. ते आले नाहीत. अजून जामसरलाच आहेत. सानिका सुट्टीत जाते.

आता जव्हारमध्ये अशी कुरळी कुत्री चार-पाच तरी झाली आहेत. लोक मोबाईल घेऊन येतात. केस गळतात का, मुलांना चालेल का, पावसाळ्यात काय करायचं, विचारतात. मी सगळं सांगते. मग विचारते, दुपारी घरी कोण असतं? त्यांना वाटतं मॅडम आता दमल्या, काहीही विचारतात. कोणी म्हणतं आई असते, कोणी म्हणतं सासरे असतात, त्यांना कुत्र्यातलं काही कळत नाही. मी म्हणते, त्यांना घेऊन या, मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.